छायाचित्राला दाद देताना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आमच्या अमरावतीच्या कॉलेजात शिकायला आलेला एक मुलगा तास संपल्यावर माझ्याजवळ आला. हातात फोटो होता, घरच्या जुन्या वाड्याच्या कोरीव दाराचा. "सर, पाहा ना, कसा आला?" मी घाईत होतो. "छान आहे रे," म्हणालो आणि निघालो. उंबरठा आणि वरची अर्धी गणेशपट्टी फोटोबाहेर राहिली होती, हे मला दिसले होते. पण मुलाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. पुढे भावाभावांत वाटणी झाली, वाडा पाडला, दार विकले गेले. मागे राहिला तो अर्धा फोटो. मी दोन वाक्ये अधिक बोललो असतो, तर तो पुढच्या सुटीत पुरे दार टिपून घेऊन आला असता.

इतिहास शिकवणाऱ्याने तरी ही चूक करू नये. कारण आपल्याकडे ही कला वाढली ती एकमेकांना दाखवून, विचारून. १८५३ साली लंडनला छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ साली, मुंबईतही निघाली. कॅप्टन हॅरी बार हे तिचे पहिले अध्यक्ष. लष्करी अधिकारी, सरकारी नोकर, डॉक्टर असे हौशी लोक तिच्यात होते. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांपैकीच एक. संस्थेने आपले नियतकालिकही काढले. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईहून हौशी मंडळींसाठी छायाचित्रांचा एक संग्रह अंकाअंकाने निघत असे.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे काही गंमत नव्हती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधी अंधारात धुवून काढायची. धूळ बसली, ऊन कडक पडले, कोणी हलले, की चित्र बिघडलेच. अशा वेळी नुसते "वाईट आला" म्हणण्यात काय अर्थ? कशाने बिघडला हे जो सांगेल तोच खरा सोबती.

आता आपल्या बाजूला या. मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल १८४५ च्या सुमारास वऱ्हाडच्या सीमेलगत अजिंठ्याला येऊन राहिला. लेण्यांतल्या चित्रांच्या रंगीत नकला करणे हे त्याचे काम. वर्षानुवर्षे राबून केलेल्या त्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि बहुतेक सर्व जळाल्या. पण दरम्यान गिलने कॅमेरा हाती घेतला होता. लेण्यांचीच नव्हे, तर आपल्या लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचीही छायाचित्रे त्याने घेतली. ती मात्र राहिली.

१८६४ साली त्याच्या ७४ छायाचित्रांचे लेण्यांवरचे पुस्तक लंडनला निघाले. चित्रे गिलची, वर्णन जेम्स फर्ग्युसनचे. स्वतः लेणी पाहिलेला हा जाणकार चित्रातला खांब, छत, चैत्य यांचा अर्थ वाचकाला उलगडून सांगतो. पुढे १८७६ साली त्याचा भारतीय वास्तुकलेचा इतिहास प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या संग्रही भारतीय इमारतींची तीन हजारांवर छायाचित्रे होती. फोटोकडे असे लक्ष देऊन पाहणारा भेटला, की काढणाऱ्याच्या कष्टाचे चीज होते.

तेव्हा मंडळी, शेजारच्या पोराने फोटो दाखवला तर उगाच "वा वा" करू नका आणि नाकही मुरडू नका. आपल्याला त्यात काय दिसते ते आधी सांगा. तुला काय दाखवायचे होते, असे विचारा. मग एकच उणीव सांगा, तिचे कारण आणि उपाय यांसह. ऊन डोक्यावर होते, सकाळी जा. दोन पावले मागे सरक, पायरी दिसू दे. आणि फोटोबरोबर गाव, वास्तू व तारीख लिहून ठेवायला सांगा. आज फोटो मोबाईलमध्ये असला म्हणून हे काम चुकत नाही.

त्या मुलाला मी पुढे ही चूक कबूल केली. तो हसून म्हणाला, "सर, दिसलं होतं तर बोलायचं होतं ना!" तेव्हापासून कोणी फोटो पुढे केला, की मी आधी खुर्ची ओढून बसतो.