त्यांनी केस वाढू दिले



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात दोन स्त्रिया भेटतात. पहिली नाईन गावची विधवा. एकुलत्या एका मुलाच्या तिरडीमागून ती चालली आहे, आणि प्रभू तिला रडू नकोस म्हणतो. दुसरी त्याच अध्यायाच्या शेवटी येते. शिमोन परुश्याच्या घरी ती प्रभूचे पाय अश्रूंनी भिजवते आणि आपल्या केसांनी पुसते. यजमानाला ते पाहवत नाही. प्रभू मात्र तिला केस आवरून घ्यायला सांगत नाही. त्या केसांनी केलेली सेवा तो स्वीकारतो आणि भर पंगतीत तिचे कौतुक करतो.

विधवा आणि केस हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या मराठी माणसाला एक जुनी गोष्ट आठवली पाहिजे. ती आपल्याच पणज्यांच्या काळातली आहे.

त्या काळी ब्राह्मण घरांत, आणि त्यांचे पाहून इतर काही जातींतही, नवरा वारला की बायकोचे केशवपन होई. न्हावी घरी येई, बाईचे डोके भादरले जाई आणि तिच्या अंगावर आलवण येई. हे एकदाच होऊन संपत नसे. दख्खनच्या ब्राह्मणांत विधवेचे डोके दर पंधरवड्याला भादरतात, असे पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात लिहून ठेवले आहे. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची पोर असली तरी वस्तरा तिच्या जन्माला चिकटला. यामागे समजूत अशी होती की विधवेने वेणी बांधली तर परलोकी तिचा नवरा बंधनात पडतो. सोवळी झालेल्या बाईच्या हातचा स्वयंपाक चाले, ती देवाधर्माला चाले. केस राखलेली विधवा मात्र अशुभ ठरे. ‘बोडकी’ हा शब्द आजही भांडणात शिवी म्हणून ऐकू येतो, तो तिथूनच आला.

या प्रथेविरुद्ध बोलणारे पुष्कळ होते, आणि त्यांतले बहुतेक हिंदूच होते, हे आपण ख्रिस्ती लोकांनी मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला. आगरकरांनी लेखणी झिजवली. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे त्या कष्टकरी माणसांनी ठरवले. पोटावर पाय येणार हे माहीत असूनही त्यांनी तसे ठरवले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीतल्या यमूचे केशवपन वाचून कितीतरी घरांत बायका रडल्या असतील.

रमाबाईंना स्वतःला १८८२ साली वैधव्य आले, तेव्हा त्या चोवीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांनी वपन केले नाही. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेत त्या विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या. सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्या जोडप्यावर बहिष्कार घातला. गोदूबाईंच्या त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

आम्हाला इथे अधिक सांगायचे आहे ते त्यांच्या धाकट्या बहिणीविषयी. पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात एक मूल. त्यांचे केशवपन झाले. पुढे त्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात कामाला लागल्या आणि गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी गोळा करू लागल्या. आता आपल्याला वाटेल की सुधारकांच्या घरात आल्यावर त्यांनी लगेच केस वाढवले असतील. तसे झाले नाही. बरीच वर्षे त्या सोवळ्या वेषातच वावरल्या. बहिणीचा पुनर्विवाह झालेला, मेहुणा एवढा सुधारक, तरी त्यांचे डोके भादरलेलेच राहिले. पुढे विचारान्ती त्यांनी वपन बंद केले, विधवेचा वेष टाकला आणि केस वाढू दिले. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी याविषयी स्वतः लिहिले आहे. १९१८ साली इंग्रजी शिकायला त्या अमेरिकेला गेल्या. कोकणातल्या देवरुखच्या मुलीने वयाच्या पन्नाशीकडे झुकताना हे केले.

इतकी वर्षे का लागली असावीत? १८५६ सालच्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली होती, पण डोक्यावरच्या केसांविषयी कायदा काय करणार? केस महिन्याला जेमतेम बोटाच्या पेराएवढेसुद्धा वाढत नाहीत. पुनर्विवाह एका दिवसात उरकतो. केस वाढवणाऱ्या बाईला मात्र महिनोन्महिने अर्धवट डोक्याने लोकांसमोर वावरावे लागते. पदर जरा सरकला की शेजारीण बघणार, सासू बघणार. त्याहून कठीण म्हणजे आरसा. आपले केस म्हणजे नवऱ्याला बांधणारा दोर, असे जिला वर्षानुवर्षे ऐकवले, तिने सकाळी उठून त्याच केसांना तेल लावायचे, फणी फिरवायची आणि त्यात आनंद मानायचा. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला तरी मनातली लाज निघायला वेळ लागतो. ती कुणी दुसरा काढून देऊ शकत नाही.

इथे एक शंका येईल. केस कापणे वाईट म्हणावे, तर १२१२ सालच्या झावळ्यांच्या रविवारी रात्री संत क्लाराने आपले केस संत फ्रान्सिसच्या हातून कापून घेतलेच ना? घेतले. पण ते तिचे स्वतःचे दान होते. घरच्यांचा विरोध पत्करून तिने ते प्रभूला वाहिले. आपल्याकडच्या विधवेला कुणी विचारले नव्हते. ज्याची परवानगी घेतली नाही ते दान होत नाही, ती लूट होते. संत पौल करिंथकरांना लिहिताना स्त्रीच्या लांब केसांना तिचे भूषण म्हणतो. संत पेत्र वेण्या आणि सोन्याच्या दागिन्यांपेक्षा अंतःकरणाच्या शोभेला मोल देतो, ते श्रीमंतीचा दिमाख मिरवू नये म्हणून. देवाने दिलेल्या केसांचा तिटकारा करा, असे तो कुठेही सांगत नाही.

मग हा इतिहास आपल्याला कशाला? ती प्रथा तर गेली. पण विधवा भगिनीने मिस्साला येताना अबोलीचा गजरा माळला तर आपल्याही मंडळीत कुजबूज होते की नाही, हे आपण स्वतःला विचारू या. कुरळ्या केसांच्या मुलीला ‘तुझे केस जरा सरळ करून घे, स्थळ येईल’ असे सांगणारे आपणच असतो. कर्करोगाच्या औषधांनी केस गेलेली भगिनी महिनोन्महिने देवळात येत नाही, कारण आपल्या नजरा तिला सोसवत नाहीत. कुणी पांढरे केस तसेच राखले तर ‘अगदीच म्हातारी दिसतेस गं’ म्हणून आपण मोकळे होतो. आपल्या हातात वस्तरा नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. जीभसुद्धा भादरते.

आपल्या डोक्यावरचे सगळे केस मोजलेले आहेत, असे प्रभू शिष्यांना सांगतो. ज्याने मोजले त्याने कुरळे, विरळ, पांढरे आणि नुकतेच उगवू लागलेले, सगळे मोजले. या आठवड्यात आपल्या वस्तीतल्या एखाद्या विधवा भगिनीकडे जाऊ या, आणि जाताना फुले घेऊन जाऊ या. ती माळायची की नाही हे तिचे तिने ठरवावे.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, शिमोनाच्या घरी त्या स्त्रीच्या केसांचा स्पर्श तू टाळला नाहीस. तू आम्हाला दिलेल्या देहाची लाज आमच्या मनातून काढून टाक. ज्यांना आम्ही शब्दांनी वा नजरेने लाजवले, त्या भगिनींना पुन्हा आनंदाने आरशात पाहू दे. आमेन.