बाउन्स फ्लॅश

बाउन्स फ्लॅश : कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशचा प्रकाश थेट व्यक्तीवर न टाकता छतावर किंवा भिंतीवर आदळवून चेहऱ्याकडे आणण्याची पद्धत. घरात काढलेल्या व्यक्तिचित्रांचा भडकपणा घालवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

थेट फ्लॅश मारला की कपाळ आणि नाक चकाकते, चेहरा सपाट दिसतो, मागच्या भिंतीवर काळी सावली उमटते. लोक फ्लॅशच्या जोराला दोष देतात. खरा दोष त्याच्या आकाराचा आणि जागेचा आहे. लहान दिव्याची सावली कडकच पडते. शिवाय तो भिंगाला लागून असल्याने गालाहनुवटीचा उठाव दाखवणाऱ्या सावल्या कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. डोळे लाल येतात तेही यामुळेच : अंधूक उजेडात बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात आणि डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या थरावरून परतलेला प्रकाश सरळ भिंगात शिरतो.

फ्लॅशचे डोके वर वळवले की छताचा मोठा भाग उजळतो आणि तोच दिवा बनतो. सावलीच्या कडा मऊ होतात. मात्र प्रकाश निव्वळ वरून आला तर भुवयांखाली काळे खळगे पडतात. त्यासाठी फ्लॅशच्या पाठीशी पांढरा पुठ्ठा रबरबँडने अडकवावा. थोडा प्रकाश पुढे फेकला जातो आणि डोळ्यांत चमक येते. त्याहून सुंदर परिणाम बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर बाउन्स केल्याने मिळतो. खिडकीशी बसल्यासारखा एक गाल उजळतो, दुसरा हळूहळू सावलीत उतरतो.

भिंतीचा रंग मात्र त्वचेवर उतरतो. पोपटी ऑइलपेंटच्या खोलीत चेहरे आजारी दिसतात. कौलारू घरात छत प्रकाश गिळून टाकते. तिथे ताणून धरलेली पांढरी चादर कामी येते. बाउन्समध्ये प्रकाश बराच वाया जातो. अंतर दुप्पट झाले की तो चौथाईवर येतो, त्यात काही छत शोषून घेते. म्हणून आयएसओ ८०० पर्यंत वाढवणे आणि एफ/४ सारखे मोठे छिद्र ठेवणे रास्त. ऑलिंपसच्या ओएम-२ या कॅमेऱ्याने १९७५ मध्ये फ्लॅशचा प्रकाश भिंगातून आत आल्यावर मोजण्याची सोय आणली, त्यामुळे हा तोटा भरून काढण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवता आले. ही मोजणी पांढऱ्याशुभ्र सदऱ्याने फसते आणि फोटो काळपट येतो. अशा वेळी फ्लॅश एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, वाढवावा.

पार्श्वभूमी काळी पडते ती वेगवान शटरमुळे. १/२०० ऐवजी १/६० किंवा १/३० सेकंद ठेवल्यास खोलीतल्या दिव्यांचा उजेडही चित्रात येतो. फ्लॅशची लकाकी फार क्षणिक असल्याने चेहरा तरीही बहुधा रेखीव राहतो. पिवळ्या बल्बचा प्रकाश सुमारे ३००० केल्विन, तर फ्लॅशचा सुमारे ५५०० केल्विन असतो. दोन्ही एकत्र आले की माणूस निळसर आणि खोली नारिंगी दिसते. फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन लावून व्हाइट बॅलन्स बल्बच्या प्रकाशावर ठेवला की रंग जुळतात.

कॅमेऱ्यातच बसवलेला फ्लॅश सहसा वळत नाही. तो एक स्टॉप कमी करावा आणि व्यक्तीला भिंतीपासून पाचसहा फूट पुढे आणावे. फ्लॅशवर टिश्यू पेपर चिकटवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने दिव्याचा आकार वाढत नाही. प्रकाश घटतो, सावली कडकच राहते.