वाणिज्य संघटन व व्यवस्थापन : मूलसंकल्पनांची उजळणी

बारावीच्या वाणिज्य शाखेच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याने वर्षभरात शिकलेल्या व्यवस्थापनविषयक संज्ञा, तत्त्वे व कार्ये परीक्षेपूर्वी पुन्हा एकवार क्रमाने नजरेखालून घालणे, आणि त्यांपैकी ज्या परस्परांशी मिळत्याजुळत्या आहेत त्यांच्या सीमा मनात पक्क्या करणे, या अभ्यासक्रियेस येथे उजळणी म्हटले आहे. पाठांतराहून ती भिन्न होय. पाठांतराने चौदा तत्त्वांची यादी मुखोद्गत होते. परंतु त्यांतील चौथे कोठे संपते आणि पाचवे कोठे सुरू होते हे ज्यास सांगता येत नाही, त्याची उजळणी झाली असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमात वाणिज्य संघटन व व्यवस्थापन हा विषय १०० गुणांचा असून, त्यांपैकी ८० गुण लेखी परीक्षेस व २० अंतर्गत मूल्यमापनास आहेत. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे ‘ओसीएम’ हेच नाव रूढ आहे. २०२०-२१ पासून लागू झालेल्या पाठ्यपुस्तकात आठ प्रकरणे आहेत. त्यांतील पहिली दोन, म्हणजे व्यवस्थापनाची तत्त्वे व व्यवस्थापनाची कार्ये, ही शास्त्राचा गाभा होत आणि उरलेली सहा बहुतांशी माहितीपर आहेत. प्रश्नपत्रिकेत वस्तुनिष्ठ प्रश्नांस २०, फरक स्पष्ट करण्यास १२, संज्ञा स्पष्ट करण्यास ८ आणि घटना अभ्यासून मत देण्यास ६ गुण असतात. या चारही प्रकारांत खरी परीक्षा लागते ती विवेकाची. स्मरणशक्तीवर विसंबून त्यांत फार दूर जाता येत नाही. बाजारात मिळणारे प्रश्नसंच, ज्यांना विद्यार्थी नुसते ‘अपेक्षित’ म्हणतात, ते दीर्घोत्तरी प्रश्नाच्या कामी उपयोगी पडतात हे मान्य करूनही, फरकाच्या प्रश्नात त्यांवर भिस्त ठेवणारा हटकून अडतो असे म्हणणे भाग आहे.

तत्त्वांच्या प्रकरणाचा मोठा भाग हेन्री फेयॉल (१८४१–१९२५) यांच्या चौदा तत्त्वांनी व्यापलेला आहे. फेयॉल हे फ्रान्समधील खाण-अभियंता. कोमांत्री येथील कोळशाच्या खाणीत त्यांनी नोकरीस आरंभ केला, १८८८ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्याच कंपनीचा सर्वोच्च कारभार हाती घेतला आणि तीस वर्षांनी ती सुस्थितीत सोडली. त्यांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. ही पार्श्वभूमी प्रश्नपत्रिकेत विचारली जात नाही म्हणून वर्गातही वगळली जाते. परंतु ती ठाऊक असली म्हणजे तत्त्वे हवेतून उतरलेली वाटत नाहीत. १८६१ मध्ये खाणीत काम करणाऱ्या एका घोड्याचा पाय मोडला, तेव्हा तरुण फेयॉल यांनी त्याच्या बदली दुसरा घोडा मागितला; संचालकाच्या सहीचा हुकूम असल्याखेरीज घोडा देता येत नाही, असे तबेल्याच्या रखवालदाराने सांगितले, आणि संचालक त्या दिवशी गैरहजर असल्यामुळे तेथील काम खोळंबून राहिले. अधिकाराचे स्थान क्षणभरही रिकामे राहू नये, ही खूणगाठ त्यांनी त्या दिवशी बांधली. अधिकार व जबाबदारी यांची सांगड घालणारे दुसरे तत्त्व या प्रसंगाशेजारी ठेवून वाचले, तर जबाबदारी दिली पण अधिकार दिला नाही म्हणजे नेमके काय घडते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

उजळणीत सर्वांत अधिक घोटाळा होतो तो आदेशातील एकवाक्यता आणि दिशेतील एकवाक्यता या जोडीत. पहिल्या तत्त्वाचा विषय माणूस आहे: एका कर्मचाऱ्यास एकाच वरिष्ठाकडून हुकूम मिळावेत. दुसऱ्याचा विषय कार्य आहे: एकच उद्दिष्ट असलेल्या सर्व कामांस एक प्रमुख व एक योजना असावी. एखाद्या कंपनीच्या विक्रीखात्यातील लेखनिकाला विक्रीचा व लेख्याचा असे दोन्ही व्यवस्थापक परस्परविरोधी सूचना देत असतील, तर पहिले तत्त्व मोडले. एकाच मालाच्या जाहिरातीसाठी दोन खाती दोन निराळ्या योजना राबवीत असतील, तर दुसरे. दिशेतील एकवाक्यता असूनही आदेशातील एकवाक्यता नसणे शक्य आहे, मात्र दिशेतील एकवाक्यतेवाचून आदेशातील एकवाक्यता टिकत नाही, असे फेयॉल यांचेच म्हणणे होते.

पदशृंखलेच्या तत्त्वातही असाच एक तपशील हातून निसटतो. प्रमुखाखाली दोन शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेत पाचव्या पायरीवर एकेक अधिकारी आहे, असे मानू. शृंखला काटेकोर पाळावयाची तर एकाचा निरोप दुसऱ्याकडे जाण्यास पाच पायऱ्या चढून पाच उतराव्या लागतील, म्हणजे मध्ये नऊ जणांच्या हातांतून दप्तर फिरेल. यावर फेयॉल यांनी समान पायरीवरील दोघांमध्ये थेट संपर्काची फळी टाकण्याची मुभा दिली. पण ती वरिष्ठांच्या संमतीने, आणि काय ठरले ते त्यांस कळवून. विद्यार्थी फळीची आकृती काढतात आणि ही अट लिहावयाची विसरतात.

याच प्रकरणात फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५) येतात. फिलाडेल्फियाच्या परिसरात हातकारागिरापासून मुख्य अभियंत्यापर्यंत चढलेल्या या गृहस्थाने कारखान्याकडे खालून पाहिले, तर फेयॉल यांनी वरून. टेलर यांचा ग्रंथ १९११ मधील आहे. वेळेचा, हालचालींचा व थकव्याचा अभ्यास ही त्यांची तंत्रे सुपरिचित आहेत. भेदात्मक कार्यवेतनाचा मुद्दा मात्र आकडे मांडल्याशिवाय नीट उमगत नाही. दिवसाला २० नग हे प्रमाण ठरवून, ते गाठणाऱ्यास नगामागे १२ रुपये व न गाठणाऱ्यास ९ रुपये असा दर ठेवला, तर २१ नग करणारा कामगार २५२ रुपये घेऊन जातो आणि १९ नग करणारा १७१. अवघ्या दोन नगांसाठी ८१ रुपयांचा हा फरक टेलर यांच्या दृष्टीने उत्तेजन होता. कामगारांच्या दृष्टीने तो चाबूकही ठरू शकत होता, आणि १९११ साली वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात टेलर-पद्धतीच्या वेळेच्या अभ्यासाविरुद्ध कामगारांनी संप केला, हे उत्तराच्या शेवटी एका वाक्यात आले तरी पुष्कळ झाले.

आता गंमत अशी की टेलर यांच्या कार्यात्मक नायकत्वाच्या योजनेत एका कामगारावर आठ जण देखरेख करतात: नियोजनाकडील चौघे, म्हणजे कार्यक्रम, सूचना आणि वेळ व परिव्यय यांचे लिपिक व शिस्त अधिकारी, आणि कारखान्यातील चौघे, म्हणजे टोळी नायक, गती नायक, दुरुस्ती नायक व निरीक्षक. हे फेयॉल यांच्या आदेशातील एकवाक्यतेशी उघडउघड विसंगत आहे, आणि फेयॉल यांनी आपल्या ग्रंथात टेलर यांचे नाव घेऊन तसे नोंदविलेही आहे. एकाच प्रकरणात, काही पानांच्या अंतराने, दोन आचार्य परस्परांना खोडून काढीत असता विद्यार्थी दोघांनाही सारख्याच भक्तिभावाने पाठ करतो. ही विसंगती जाणूनबुजून समोर ठेवली तर दोघेही एकाच वेळी ध्यानात राहतात, असा अनुभव पुष्कळ शिक्षकांस येत असावा. निदान फेयॉल व टेलर यांतील फरकाचे उत्तर त्यावाचून निर्जीव होते यात शंका नाही.

कार्यांचे प्रकरण त्या मानाने सरळ आहे. नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय व नियंत्रण असा त्याचा क्रम असून, फेयॉल यांनी पाचच कार्ये मानली होती व ल्यूथर ग्युलिक यांनी १९३७ मध्ये ती सात केली, एवढे पुरे. घटनेवरील प्रश्न मात्र बहुधा येथूनच येतो. एका छापखान्याचा मालक दिवाळीपूर्वी किती दिनदर्शिका छापावयाच्या हे ठरवितो. व्यवस्थापक जुळणी, छपाई व बांधणी यांची कामे नेमून देऊन कोणी कोणास जबाबदार राहावे हे निश्चित करतो. ज्येष्ठ यंत्रचालक नवशिक्या पोरांना रोज उभे राहून काम दाखवितो. आणि आठवड्याअखेर छापलेल्या प्रती ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहिल्या जातात. येथे यंत्रचालकाच्या कामास पुष्कळ जण संघटन म्हणतात, कारण तो माणसांत वावरतो. वास्तविक ते निर्देशन होय. बांधणीवाला रिकामा बसला आणि छपाई रेंगाळली असे प्रश्नात आले असते, तर उणीव समन्वयाची ठरली असती.

उरलेल्या प्रकरणांपैकी उद्योजकता, व्यावसायिक सेवा, व्यवसायाचे नवे प्रकार आणि सामाजिक उत्तरदायित्व यांस एकेक सकाळ दिली तरी भागते. विपणनातील वस्तू, किंमत, स्थान व प्रवर्तन ही चौकडी जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडली, एवढे ध्यानी असावे. ग्राहक संरक्षणाच्या प्रकरणात मात्र जपून राहावे लागते, कारण तेथे कायदा बदलत आला आहे. १९८६ च्या अधिनियमाची जागा २०१९ च्या अधिनियमाने घेतली व तो जुलै २०२० पासून अमलात आला. पूर्वी मालाची किंमत व मागितलेली भरपाई यांच्या बेरजेवरून तक्रार कोठे दाखल करावयाची ते ठरे. आता प्रत्यक्ष मोजलेला मोबदला विचारात घेतला जातो. नव्या अधिनियमाने जिल्हा आयोगास एक कोटी व राज्य आयोगास दहा कोटी रुपयांपर्यंतची मर्यादा दिली, आणि पुढे ३० डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती अनुक्रमे ५० लाख व दोन कोटींवर आणली. त्यामुळे थोरल्या भावंडाच्या वहीत एक आकडा, जुन्या गाईडात दुसरा आणि चालू नियमात तिसरा, असा प्रकार एकाच घरात आढळू शकतो. मर्यादेचा आकडा लिहिताना त्याचे वर्ष शेजारी लिहावे, आणि शंका राहिल्यास त्या वर्षीचे पाठ्यपुस्तक प्रमाण मानावे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यासमोर तेच असते.