तळटीप : नॉयमन यू ४७
* यू ४७ : बर्लिनच्या नॉयमन कंपनीचा, १९४९ साली बाजारात आलेला कंडेन्सर मायक्रोफोन. त्याच्या दुरुस्तीत खरी अडचण दोन जागी येते. एम ७ कॅप्सूलचा पडदा पीव्हीसीचा, त्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर. काळाने पीव्हीसी कडक होते, थर सुटतो, आवाजाचा पोत बदलतो. तरीही मूळ कॅप्सूल टाकून देऊ नये, असे आमचे आग्रहाचे मत आहे. तिच्याच पितळी तबकडीवर नवा पडदा ताणून बसवता येतो. टेलिफुंकेनच्या व्हीएफ १४ व्हॉल्व्हला मात्र असा उपाय नाही. त्याचे उत्पादन १९५०च्या दशकाअखेर थांबले आणि साठा संपत आल्यावर १९६५मध्ये हा मायक्रोफोनही बंद झाला. म्हणून जाणता कारागीर व्हॉल्व्हला हात लावण्याआधी कपॅसिटर, रेझिस्टर आणि वीजपुरवठा तपासतो. खरखर पुष्कळदा तिथेच सापडते. — संपा.