कॉलोराडोतील फरशी काढण्याचा व्यवसाय

कॉलोराडोतील फरशी काढण्याचा व्यवसाय म्हणजे अमेरिकेच्या कॉलोराडो या पर्वतीय राज्यात घरे, शाळा, दुकाने व कार्यालये यांमधील जुनी फरशी काढून नव्या फरशीसाठी पृष्ठभाग तयार करून देणारी सेवा होय. सिरॅमिक व दगडी फरशा, व्हायनलच्या लाद्या, लाकडी पट्ट्या, गालिचे आणि त्यांखालील चिकटद्रव्याचा थर काढणे यांचा त्यात समावेश होतो. जुन्या लाद्यांमधील ॲस्बेस्टॉस आणि काँक्रीटमधील सिलिका यांमुळे हे काम कामगार व रहिवासी या दोघांच्या आरोग्याशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

कॉलोराडोची समुद्रसपाटीपासूनची सरासरी उंची सुमारे २,०७० मीटर असून ती अमेरिकेतील सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, डेन्व्हर शहराच्या परिसरात, अनेक ठिकाणी बेंटोनाइटयुक्त चिकणमाती आढळते. ही माती पाणी शोषून फुगते व सुकल्यावर आकसते. परिणामी तळघरातील काँक्रीटची जमीन वर उचलली जाऊन तिला तडे जातात. अशा घरांत फरशीबरोबरच तिच्याखालचे काँक्रीटही फोडून काढावे लागते.

कार्यपद्धती

प्रथम खोली रिकामी करून दारे, खिडक्या व हवा खेळवणाऱ्या वाहिन्यांची तोंडे प्लॅस्टिकने बंद केली जातात. लहान जागेत हातोडा, छिन्नी व पहार वापरतात. मोठ्या जागेत विजेचा ब्रेकर किंवा खरवडयंत्र वापरले जाते. उरलेले सिमेंट अथवा चिकटद्रव्य घासून पृष्ठभाग समतल करतात आणि राडारोडा हलवतात.

आरोग्यविषयक धोके

ॲस्बेस्टॉस : १९२० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत तयार झालेल्या अनेक व्हायनल व डांबरी लाद्यांत ॲस्बेस्टॉस मिसळलेले असे. नऊ इंची चौरस लाद्या व त्यांखालील काळे डांबरी चिकटद्रव्य ही त्याची परिचित उदाहरणे होत. तथापि, केवळ पाहून खात्री करता येत नाही. नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. अखंड लादीतील तंतू बांधलेले राहतात; लादी फोडल्यास किंवा यंत्राने घासल्यास ते हवेत मिसळतात. त्यांच्यामुळे ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे विकार होऊ शकतात. लक्षणे दिसण्यास अनेक दशके लागत असल्याने काम करताना धोका जाणवत नाही.

सिलिका : सिरॅमिक फरशी, सिमेंट व काँक्रीट फोडताना स्फटिकी सिलिकेची सूक्ष्म धूळ उडते. ती दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसविकार जडतो.

उंची व थंडीचा परिणाम

डेन्व्हर १,६०९ मीटर उंचीवर असून तेथील हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी आहे. त्यामुळे साध्या इंधन इंजिनांची शक्ती व धूळ ओढणाऱ्या यंत्रांची क्षमता घटते. धूळ दाबण्यासाठी फरशी ओली ठेवणे हा मुख्य उपाय होय; परंतु हिवाळ्यात तापवण्याची सोय नसलेल्या इमारतींत पाणी गोठते. तेथे सूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळण्यांच्या यंत्रांवर व श्वसनसंरक्षक मुखवट्यांवर अधिक भिस्त ठेवावी लागते.

नियमन

एका कुटुंबाच्या घरात ३२ चौरस फुटांपेक्षा, तर सार्वजनिक व व्यापारी इमारतींत १६० चौरस फुटांपेक्षा अधिक पृष्ठभागाला धक्का लागणार असल्यास काम सुरू करण्यापूर्वी प्रमाणित निरीक्षकाकडून ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घेणे राज्याच्या नियमांनुसार आवश्यक असते. या मर्यादेपलीकडील ॲस्बेस्टॉस काढण्याचे काम प्रमाणित कंत्राटदाराकडे सोपवले जाते. तो कचरा ओला करून, गळती न होणाऱ्या पिशव्यांत बंद करून, परवानगी असलेल्या भरावभूमीत पुरला जातो. सिलिकेसाठी संघराज्याच्या कामगार सुरक्षा नियमांनुसार आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा आहे.

पर्याय

ॲस्बेस्टॉसयुक्त लाद्या सुस्थितीत असल्यास त्या न काढता त्यांवर नवी फरशी बसवता येते. यात तंतू मोकळे होत नाहीत व खर्चही कमी येतो. मात्र खाली ॲस्बेस्टॉस असल्याची नोंद जपून ठेवावी लागते. अन्यथा पुढील दुरुस्तीच्या वेळी तोच धोका नकळत पुन्हा उद्भवतो.