चार सामन्यांची साक्ष

मुंबई-पुणे जुन्या महामार्गावरचं देहूरोड हे एरवी लष्करी डेपोचं आणि कॅन्टोन्मेंटचं गाव. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, हा त्याचा अभिमानाचा इतिहास. क्रिकेटशी या गावाचं नातं जुळलं ते बरंच उशिरा, शेजारच्या गहुंज्याच्या माळावर महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम उभं राहिलं तेव्हा. १ एप्रिल २०१२ रोजी शरद पवारांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि आठवडाभरातच तिथे आयपीएलचा पहिला सामना रंगला. पुढच्या सहा वर्षांत पुण्याच्या नावाने खेळणारे दोन व्यावसायिक संघ या मैदानावर आले आणि गेले. या काळात आपल्याकडे एक रिवाज रुजला. पहिले तीन-चार सामने झाले की संघाची कुंडली मांडायची, कोण चाललं आणि कोण संपलं हे सांगून मोकळं व्हायचं. या रिवाजाची परीक्षा घ्यायला गहुंज्याइतकं सोयीचं मैदान दुसरं नाही, कारण इथल्या दोन हंगामांनी परस्परविरुद्ध उत्तरं दिली आहेत. २०१२ मध्ये पुणे वॉरियर्सने पहिल्या चारपैकी तीन सामने जिंकले आणि नऊ संघांत शेवटचा क्रमांक पटकावला. २०१७ मध्ये रायझिंग पुणे सुपरजायंटने पहिल्या चारपैकी तीन सामने गमावले आणि अंतिम सामना गाठला. यावरून सुरुवातीच्या सामन्यांतून काहीच कळत नाही असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. कळण्यासारखं पुष्कळ होतं. मात्र ते निकालाच्या रकान्यात नव्हतं.

आधी वॉरियर्सचं पाहू. सहारा समूहाने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर मोजून हा संघ घेतला. गहुंजे तयार नसल्यामुळे २०११ चा हंगाम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर काढावा लागला. तिथेही सुरुवात झकास होती. पहिले दोन सामने जिंकले, मग ओळीने सात हरले. म्हणजे २०१२ ला ठेच ताजी होती, तरी लोक पुन्हा भुलले. त्यांना फार दोष देता येणार नाही. ६ एप्रिलला वानखेडेवर मुंबई इंडियन्सला २८ धावांनी हरवणं ही काही लहान गोष्ट नव्हती. त्या दिवशी अशोक दिंडाने चार बळी घेतले. दोन दिवसांनी गहुंज्यात पंजाबला नमवलं, १४ तारखेला चेन्नईला, तेही सात गडी राखून. मधे मोहालीत एक हार झाली, तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पण वानखेडेवरचा धावफलक पुन्हा उघडून पाहिला तर पुण्याच्या धावा दिसतात ९ बाद १२९. मुंबई १०१ वर अडकली म्हणून त्या पुरल्या. गोलंदाजांनी संघाला खांद्यावर घेतलं होतं आणि फलंदाजी त्यांच्या जिवावर बसून होती.

फलंदाजीतली ही उणीव कुठून आली, हेही तेव्हा उघड होतं. २०११ चा कर्णधार युवराजसिंग कर्करोगावर उपचार घेत होता. त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेण्यावरून सहारा आणि क्रिकेट मंडळ यांच्यात बिनसलं, आणि ४ फेब्रुवारी २०१२ च्या लिलावात पुण्याचा संघ उतरलाच नाही. पुढे तडजोड झाली, काही नावं आली, पण लिलावात भरता आलं असतं ते खिंडार तसंच राहिलं. मधल्या फळीत सामना फिरवणारा माणूस नव्हता आणि बाहेर बाकावरही नव्हता. नेतृत्व सौरव गांगुलीकडे आलं. त्याने १५ सामन्यांत २६८ धावा केल्या, त्याही चेंडूमागे एकापेक्षा कमी वेगाने. तेविसाव्या वर्षी लॉर्ड्सवर शतक ठोकणाऱ्या या गृहस्थाची वयाच्या चाळिशीला टेकल्यावर वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये ओढाताण होणार, यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. आदर आड आला, एवढंच. पहिल्या सातपैकी चार सामने पुण्याने जिंकले होते. त्यानंतरचे नऊच्या नऊ हरले.

आता २०१७. या हंगामाआधीचा पुण्याचा इतिहासही विचित्र आहे. २०१६ मध्ये संजीव गोयंका यांच्या मालकीचा नवा संघ महेंद्रसिंग धोनीच्या नेतृत्वाखाली उतरला, पहिल्याच सामन्यात मुंबईला नऊ गडी राखून हरवलं आणि मग पुढचे चार हरले. केव्हिन पीटरसन, फाफ ड्यू प्लेसी, स्टीव्ह स्मिथ, मिचेल मार्श असे एकामागून एक जायबंदी होऊन घरी गेले. त्यात दुष्काळ. मैदानांवरच्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवावे लागले. पुण्याचं घर विशाखापट्टणमला गेलं. अशा हंगामावरून कुणाचं मूल्यमापन करायचं झालंच तर ते पावसाचं आणि डॉक्टरांचं करावं लागेल. तरीही संघ सातवा आल्याचं खापर कर्णधाराच्या माथी फुटलं आणि २०१७ ला स्मिथ कर्णधार झाला.

स्मिथला गहुंजे नवं नव्हतं. २०१२ च्या वॉरियर्समध्ये तो होताच, आणि २०१७ च्याच फेब्रुवारीत इथल्या पहिल्या कसोटीत भारताला ३३३ धावांनी हरवणाऱ्या ऑस्ट्रेलियाचा तो कर्णधार होता. त्या आखाड्यासारख्या खेळपट्टीवर स्टीव्ह ओकीफने बारा बळी घेतले आणि तीन दिवसांत खेळ आटोपला. आयपीएलमध्येही इथे चेंडू हातभर वळणार, असा होरा साहजिकच होता. दीड महिना उलटायच्या आत, ६ एप्रिलला, त्याच मैदानावर पुण्याने मुंबईच्या १८४ धावा पार केल्या. स्मिथ ८४ वर नाबाद राहिला. त्यावर मालकांचे बंधू हर्ष गोयंका यांनी ट्विटरवर स्मिथला जंगलाचा राजा ठरवलं आणि धोनीला टोमणा हाणला. एका सामन्यावरून काढलेला निष्कर्ष! मग इंदूरला हार झाली, गहुंज्यात दिल्लीकडून तब्बल ९७ धावांनी झाली आणि राजकोटलाही झाली. जंगलाच्या राजाचा संघ तळाशी घसरला.

त्या चार सामन्यांत दिसण्यासारखं काय होतं? मुंबईच्या डावाचं शेवटचं षटक दिंडाने टाकलं आणि हार्दिक पंड्याने त्यात तीस धावा कुटल्या. २०१२ च्या वानखेडेवरचा नायक तोच हा दिंडा. पाच दिवसांनी दिल्लीच्या संजू सॅमसनने शतक केलं, सगळे त्याबद्दल बोलले. पण खरी जखम ख्रिस मॉरिसने केली. शेवटी येऊन नऊ चेंडूंत नाबाद ३८. म्हणजे निकाल एक जिंकलेला आणि एक हरलेला, पण दोन्हीकडे भोक एकाच जागी होतं. शेवटची दोन-तीन षटकं टाकणारा माणूस या संघापाशी नव्हता. खरं तर होता, पण तो बाकावर होता. ३० लाखांत घेतलेला जयदेव उनाडकट या चार सामन्यांत खेळलाच नाही. तो संघात आला आणि २४ एप्रिलला वानखेडेवर शेवटच्या षटकात मुंबईला १७ धावा हव्या असताना चेंडू त्याच्या हाती दिला गेला. पहिल्याच चेंडूवर हार्दिक गेला, मग रोहित शर्माने षटकार मारला आणि लगेच उनाडकटच्याच हाती झेल दिला. पुणे तीन धावांनी जिंकलं. ६ मेला हैदराबादमध्ये शेवटच्या षटकात १३ हव्या होत्या. उनाडकटने वेग काढून घेतलेले चेंडू टाकत हॅटट्रिक केली आणि त्या षटकात एकही धाव दिली नाही. दिंडाचं विसावं षटक आणि हे विसावं षटक शेजारी शेजारी ठेवले, की त्या हंगामाची अर्धी गोष्ट सांगून होते. उनाडकटचे १२ सामन्यांत २४ बळी.

यावर पहिला आक्षेप येतो तो पश्चातबुद्धीचा. शेवट ठाऊक झाल्यावर सुरुवातीच्या खुणा कुणालाही सापडतात. आक्षेप रास्त आहे, पण इथे लागू पडत नाही. लिलावात न उतरलेला संघ, १२९ धावांवर मिळालेला विजय, तीस धावांचं षटक ही सगळी माहिती त्या त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापलेली होती. ती वाचायला भविष्य ठाऊक असण्याची गरज नव्हती. खेळाडूच्या आकड्यांचं मात्र तसं नाही. वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये चार सामने मिळून एका गोलंदाजाच्या वाट्याला फार तर ९६ चेंडू येतात. रणजीच्या एकाच डावात त्याहून जास्त चेंडू टाकणारे कैक सापडतील. केदार जाधवने २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये गहुंज्यातच उत्तर प्रदेशाविरुद्ध ३२७ धावा केल्या, त्या एका खेळीत त्याच्याबद्दल जे कळलं ते आयपीएलच्या आठ-दहा डावांत कळणार नाही. म्हणून चार सामन्यांनंतर धोनीच्या धावा मोजून त्याला निकालात काढणारे तोंडघशी पडले. २२ एप्रिलला हैदराबादविरुद्ध त्याने ३४ चेंडूंत नाबाद ६१ केल्या आणि शेवटच्या चेंडूवर चौकार मारून गहुंजे डोक्यावर घेतलं.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. साखळीत सामने चौदा, थांबायला वेळ कुणाला आहे? उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये एका संघाला ८२ सामने मिळतात, तिथे धीर धरणं परवडतं. पण तिथलं उदाहरण पाहिलं तर धीर हा मुद्दाच नाही असं दिसतं. सेंट लुई ब्लूज हा संघ ३ जानेवारी २०१९ ला अख्ख्या लीगमध्ये तळाला होता. प्रशिक्षक नोव्हेंबरातच बदलून झाला होता, तरी गाडी हलत नव्हती. जानेवारीत जॉर्डन बिनिंग्टन हा दुय्यम संघातून आणलेला गोलरक्षक उभा केला आणि जूनमध्ये त्यांनी स्टॅन्ली कप उचलला. श्रेय एकट्या गोलरक्षकाचं नाही हे मान्य. पण उनाडकट आणि बिनिंग्टन यांच्या गोष्टी सारख्या आहेत, आणि त्यात सामन्यांची संख्या कुठेच येत नाही. पुण्याचे प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग थांबले नाहीत. त्यांनी चार सामन्यांच्या आत दिंडाला बसवलं आणि सलामीला दहा लाखांचा राहुल त्रिपाठी आणला, ज्याने पुढे ३९१ धावा केल्या. मात्र साडेचौदा कोटींचा बेन स्टोक्स आणि टीकेचा धनी झालेला धोनी यांना त्यांनी हात लावला नाही. घाई त्यांनीही केली, पण ती योग्य जागी केली. स्टोक्स हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

काही वेळा सुरुवात खरं बोलते, हेही कबूल करायला हवं. २०१४ मध्ये पंजाबने पहिले पाच सामने जिंकले आणि अंतिम फेरी गाठली. पण त्यांना हरवलं कोणी? पहिल्या सातपैकी दोनच सामने जिंकलेल्या कोलकात्याने, ओळीने नववा विजय मिळवत. २०१५ मध्ये मुंबईने पहिले चार हरून विजेतेपद घेतलं. निकालांची साक्ष दोन्ही बाजूंनी काढता येते, आणि जी साक्ष दोन्ही बाजूंनी काढता येते तिचं मोल बेताचंच.

२१ मे २०१७ ला हैदराबादच्या अंतिम सामन्यात मुंबईने केल्या ८ बाद १२९. पाच वर्षांपूर्वी वानखेडेवर पुण्याने केल्या होत्या तेवढ्याच. पुणे १२८ वर थांबलं. दोन वर्षांचा करार संपला आणि संघ विसर्जित झाला. उनाडकटचा हिशेब मात्र पुढे चालू राहिला. जानेवारी २०१८ च्या लिलावात राजस्थान रॉयल्सने त्याला साडेअकरा कोटींना घेतलं, तेही चार सामन्यांवरून नव्हे, पूर्ण हंगाम पाहून. त्या वर्षी १५ सामन्यांत त्याने ११ बळी घेतले आणि षटकामागे नवाहून अधिक धावा दिल्या. मग राजस्थानने त्याला सोडलं, आणि पुढच्याच लिलावात ८ कोटी ४० लाख मोजून परत विकत घेतलं.