बदला किती बसला?

शनिवारी दलाल स्ट्रीटवर जो तो एकच विचारी, "बदला किती बसला?" १९८४ साली मी एका पेढीवर कारकून म्हणून लागलो, तेव्हा मला बदला म्हणजे सूड एवढंच ठाऊक. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या पोराला दुसरं काय ठाऊक असणार? पेढीवरच्या वयस्क मेहताजींनी पहिल्याच शनिवारी मला शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, "कोणावर सूड नाही रे भाऊ. अदलाबदल. ह्या वलणातला सौदा उचलून पुढच्या वलणात ठेवायचा."

वलण म्हणजे हिशेबाचा फेरा. तेव्हा तो चौदा दिवसांचा असे. वलण संपलं की घेणाऱ्याने पैसे भरायचे, विकणाऱ्याने शेअर द्यायचे. पण पुष्कळांना यातलं काहीच करायचं नसे. भाव चढेल म्हणून घेतलेले शेअर चढेपर्यंत धरून ठेवायचे, पण खिशात पूर्ण रक्कम नाही. अशा वेळी तिसरा माणूस पुढे येई, तो बदलावाला. तो पैसे भरून शेअर पंधरवडाभर स्वतःकडे ठेवी आणि त्याबद्दल शेअरमागे ठरावीक रक्कम घेई. हीच रक्कम म्हणजे बदला. विशिष्ट शेअरांच्या यादीपुरताच हा व्यवहार चाले, आणि शनिवारच्या खास बैठकीत पैसे किती आणि गरजू किती यावर दर ठरे.

उदाहरण मेहताजींनी त्याच दिवशी पाटीवर मांडलं होतं. समजा, शेअर २०० रुपयांना घेतला. वलणाच्या शेवटी बाजाराने हवाला भाव २१० ठरवला. वरचे १० रुपये घेणाऱ्याला मिळाले. बदला अडीच रुपये बसला, तर पुढच्या वलणात तोच सौदा २१२ रुपये ५० पैशांना उभा राहिला. मेहताजींनी खडू ठेवला आणि विचारलं, "वर्षाला शेकडा किती?" वर्षात असे सव्वीस पंधरवडे. मी हिशेब केला तर आकडा तिसाच्या वर गेला. ते काही बोलले नाहीत, पाटी पुसून टाकली.

कधी गाडी उलटी फिरे. मंदीवाल्यांनी हातात नसलेले शेअर विकून ठेवलेले असत आणि बाजारात तर शेअर मिळत नसत. मग विकणारा घेणाऱ्याला पैसे देऊन मुदत मागे. त्याचं नाव उंधा बदला. 'उंधा' हा गुजराती शब्द, उलटा या अर्थाचा. १९८२ची गोष्ट मेहताजी पुन्हा पुन्हा सांगत. मंदीवाल्यांनी रिलायन्सचे शेअर विकून भाव पाडायचा डाव मांडला, आणि एप्रिलअखेरीस घेणाऱ्यांनी मुदत नाकारून शेअरच मागितले. बाजार बंद ठेवायची वेळ आली.

आणि गंमत अशी की त्या वर्षी कागदावर बदला नव्हताच. सरकारने जून १९६९मध्ये शेअरांच्या वायद्याच्या सौद्यांवर बंदी घातली होती. पण बाजाराला मुदतीची सवय फार जुनी. टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमत, त्या काळापासूनची. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेअर-दलाल प्रेमचंद रायचंदांच्या त्या दिवसांत लोकांनी पुढच्या तारखेचे सौदे भरमसाट केले. ती तारीख होती १ जुलै १८६५. युद्ध संपलं, कापूस कोसळला, तारीख आली आणि पैसे कोणाकडेच नव्हते. अशा बाजारात बंदी आली तरी बदला तोंडी चालूच राहिला. १९८३मध्ये त्याला पुन्हा रीतसर परवानगी मिळाली. १९९२च्या शेअर घोटाळ्यानंतर, डिसेंबर १९९३मध्ये, बाजाराची नियामक असलेल्या सेबीने तो थांबवला. पुढे नियम घालून तो परत आला, आणि २ जुलै २००१पासून कायमचा गेला.

मला मात्र बदला म्हटलं की आठवतात आमच्याच चाळीतले एक मास्तर. माझ्या भरवशावर ते आमच्या पेढीवर आले. २०० शेअर घेतले, आणि भाव वर जाईल म्हणून सात वलणं बदला देत राहिले. सरासरी अडीच रुपये धरा. चौदाव्या आठवड्यात भाव जवळजवळ खरेदीच्याच ठिकाणी होता आणि मास्तरांच्या हातून साडेतीन हजार रुपये गेलेले होते. बिलं मीच लिहिली होती. शेवटचं बिल घेऊन ते जिन्यात थांबले आणि म्हणाले, "अरे, भाव पडला नाही, मी कोणाचं कर्ज काढलं नाही, मग पैसे गेले कुठे?"

त्यांनी कर्जच काढलं होतं. आयुष्यात वाण्याकडे उधारी न ठेवणाऱ्या माणसाने शेकडा तिसाने कर्ज काढलं होतं, आणि ते त्यांना कळलं नाही, कारण त्याला कोणी कर्ज म्हणालं नव्हतं. मीही म्हणालो नव्हतो. पहिल्या दिवशी पाटीवर तो आकडा मी स्वतः काढला होता, तरीही.

आता पोरं महिनाअखेरीला वायद्यांचा 'रोलओव्हर' करतात. रीत वेगळी, पण मुदत विकत घ्यावी लागते हे तेच. कोणी मला विचारायला आला, तर मी त्याला आधी वर्षाचा शेकडा काढायला लावतो.

माझी तेव्हाची बदल्याची वही अजून कपाटात आहे. मास्तरांच्या पानावर रकाने आहेत ते असे : नग, हवाला, बदला. पैसे लावणाऱ्यांची पानं मागच्या बाजूला. तेच पैसे, तोच पंधरवडा. त्यांच्या रकान्यावर मात्र मेहताजींच्या अक्षरात लिहिलंय : व्याज-बदला. देणाऱ्याच्या पानावर तो पहिला शब्द कधी लिहिलाच गेला नाही.